धुराच्या पलीकडचा पाट

अठरा महिन्यांनी अमेरिकेहून परत आलेल्या आनंदने दारातच, बूटसुद्धा न काढता, आईंना सांगितलं, "आई, मला झिंग्याची ॲलर्जी नाहीये. कधी नव्हतीच."

मी हसले. वाटलं, आईही हसतील. त्या हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी तांब्या हळूच खाली ठेवला, भाकरीचा तुकडा त्याच्यावर ठेवला आणि "बरं" म्हणून आत निघून गेल्या. ओवाळून टाकायचं राहूनच गेलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, मुक्ताई दिघोरे. भंडाऱ्याकडच्या, तलावाच्या काठावरच्या गावातल्या. धिवरांचं घर, मासेमारी हाच धंदा. आनंदचे वडील ज्ञानदेव तलावात बुडून गेले तेव्हा आनंद सात वर्षांचा होता. त्यानंतर आईंनी झिंगे धुरावर सुकवून बाजारात विकले आणि त्यावर एकट्या मुलाला इंजिनिअर केलं. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये लागला, आमचं लग्न झालं, कर्वेनगरात वरच्या मजल्यावरचा गच्चीवाला फ्लॅट घेतला आणि आई आमच्याकडे राहायला आल्या. मी त्यांच्याबद्दल एवढंच जाणत होते. कोथरूडमध्ये वाढलेल्या मला ते पुरेसं वाटायचं.

झिंगा म्हणजे इकडची कोळंबी. आनंदला ती चालत नाही, लहानपणी एकदा खाल्ली आणि अंग सुजून जीव जायची वेळ आली होती, हे त्याला पाठ होतं. कॉलेजच्या हॉस्टेलच्या फॉर्मवर, कंपनीच्या मेडिकलच्या कागदावर त्याने तसं लिहिलं होतं. आमचं लग्न ठरलं तेव्हा स्वतःबद्दल त्याने मला ज्या तीन गोष्टी सांगितल्या, त्यातली ही एक होती. बॉस्टनला ऑफिसच्या जेवणात कुणीतरी वाढलेलं सूप तो अर्धं प्यायला आणि मग कळलं की त्यात लॉबस्टर आहे. घाबरून तो दोन तास हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला. गळा सुजला नाही, अंगावर पुरळ नाही. नंतर तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाला, तुला कशाचीच ॲलर्जी नाही.

मग तो सुटलाच. शेजारच्या एका म्हाताऱ्याने त्याला शेवंडीची, म्हणजे लॉबस्टरची, शेपटी शेगडीवर मंद धुरात कशी शिजवायची ते शिकवलं. येताना त्याने ती शेगडी, गोल, झाकणाची, तीन पायांची, सुटी करून बॅगेत भरून आणली. माझ्यासाठी आणलेल्या वस्तू उरलेल्या जागेत.

"रविवारी दुपारी करू," तो म्हणाला. "अभिनव आणि दीपमालाला बोलावू." अभिनव त्याच्या टीममधला मित्र, दीपमाला त्याची बायको.

शनिवारी तो कॅम्पातल्या मासळी बाजारातून सहा शेपट्या घेऊन आला. बर्फात गोठलेल्या, हातभर नाही तरी वीतभर नक्की, तपकिरी कवचावर पांढरे ठिपके. मी त्या परातीत काढत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथेच थांबल्या.

"हे काय आहे?"

"शेवंड आहे आई. समुद्रातली."

"झिंगाच ना हा?"

"त्याच जातीतला. फक्त मोठा."

बराच वेळ त्या परातीकडे बघत राहिल्या. मग अगदी हलक्या आवाजात, मला नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "हा काय खाऊन एवढा झाला असन?"

त्या प्रश्नात वाईट असं काही नव्हतं, पण त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या देवघरासमोर जाऊन बसल्या आणि रात्रीचं जेवल्या नाहीत.

तोवर मी त्यांच्या काही सवयी गृहीत धरून चालले होते. त्या मासे खात नसत. गळ्यात माळ नव्हती, पण वैधव्यात सोडले असतील असं मी समजले होते. बादलीत पाणी साठवून ठेवलेलं त्यांना आवडत नसे. सिंहगड रोडकडे जाताना आम्ही नदीवरच्या पुलावर आलो की गाडीत मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे बघत बसायच्या. पूल संपला हे त्यांना न बघता कळायचं. मी कधी विचारलं नाही. आमच्याकडे, पुण्यात, न विचारणं हा सभ्यपणा समजतात.

रविवारी बारा वाजता आनंदने गच्चीत शेगडी मांडली. अभिनव आणि दीपमाला आले. डिसेंबरचं ऊन होतं, अंगावर घ्यावंसं वाटणारं. आनंदने कोळसे पेटवले, त्यावर तिकडून आणलेले लाकडाचे तुकडे टाकले आणि झाकण लावलं. पाच मिनिटांत गच्ची धुराने भरली. दाट, पांढरा, घशात अडकणारा धूर. खालच्या मजल्यावरचे श्यामसुंदरकाका खिडकीतून ओरडले, "दिघोरे, घर पेटलंय की जेवण?"

"जेवण, काका."

"मग ठीक आहे. घर असतं तर सोसायटीची परवानगी लागली असती."

अभिनव हसून हसून खोकत होता. आनंदने झाकण काढलं, घातलं, भोकं उघडली, मिटली. धूर कमी होईना. आई आतल्या खोलीत दार लावून बसल्या होत्या. मला त्यांना विचारायचं होतं की तुम्ही बऱ्या आहात ना, म्हणून मी वळले, तर त्या गच्चीच्या दारात उभ्या होत्या. पदर खोचलेला. डोळे लाल, पण ते धुराने की कशाने, सांगता आलं नसतं.

"पांढरा आहे अजून," त्या आनंदला म्हणाल्या. "या धुरात ठेवशीन तर कडू होईन. निळा होऊ दे."

"निळा?"

"हट तिकडं."

त्यांनी त्याच्या हातातून चिमटा घेतला. सगळे कोळसे एका बाजूला ओढले. वरचे निम्मे लाकडाचे तुकडे काढून खाली फरशीवर टाकले आणि त्यांच्यावर पाणी मारलं. खालचं भोक बोटभर उघडं ठेवलं. मग नुसत्या उभ्या राहिल्या. दहा मिनिटं गेली असतील. धूर विरळ झाला, मग उन्हात जेमतेम दिसेल असा झाला. खरोखरच निळसर. त्यांनी शेपट्यांची पाठ कात्रीने उभी चिरली, आतलं मांस वर उचलून कवचावर ठेवलं, लोणी लावलं आणि कोळशाच्या विरुद्ध बाजूला मांडून झाकण घातलं. हात एकदाही अडखळले नाहीत. मांसाला स्पर्श करताना मात्र त्यांनी पदराचं टोक बोटांना गुंडाळलं होतं.

झाकण लावल्यावर त्या आत गेल्या आणि जेवणाचा लाकडी पाट घेऊन आल्या. शेगडीच्या पलीकडे, जिकडे धूर जात होता तिकडे, तो मांडला. स्वतः अलीकडे जमिनीवर बसल्या.

अभिनवला वाटलं पाट पाहुण्यांसाठी आहे. तो बसायला गेला.

"तिथं नको बसू बापू."

"का हो काकू?"

"ती जागा दिली आहे."

"कुणाला?"

"धुराला," त्या म्हणाल्या.

अभिनव पुन्हा हसला. दीपमाला हसली नाही. तिने त्याला बाहीला धरून आमच्या बाजूला आणलं.

पाऊण तास आई तशाच बसून होत्या. धूर तोंडावर आला तरी त्यांना खोकला आला नाही. मी ताटल्या ठेवायला त्यांच्या मागे गेले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. मी वाकले. त्या समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघत म्हणत होत्या, "एवढ्या दूर आला? एवढ्या दूर?"

उन्हात असूनही मला गारठल्यासारखं झालं. मी ताटल्या तिथेच ठेवून बाजूला झाले. कवचं शेंदरी झाली, मांस पांढरं आणि घट्ट झालं. आईंनी स्वतः सगळ्यांना वाढलं. चव मला आजही आठवते. धूर जिभेवर यायच्या आधी वास यायचा आणि मागून गोडवा. अभिनवने बोटं चाटली. आनंद लहान मुलासारखा खात होता. आई त्याच्या समोर उभ्या राहून त्याचा प्रत्येक घास बघत होत्या.

"काही होते का तुले?"

"काय व्हायचंय? ॲलर्जी नाही म्हटलं ना."

"पोटात? मनात?"

"आई, छान लागतंय. तू पण खा."

त्यांनी मान हलवली.

साडेतीनला पाहुणे गेले. आनंद ताटल्या आत आणता आणता थांबला. त्याच्या मनात अठरा महिने साठलेलं तेव्हा बाहेर आलं. मला वाटतं, ते चांगलं जेवल्यामुळेच आलं.

"तू मला खोटं सांगितलंस. सात वर्षांचा असल्यापासून. झिंगे विकायला कमी पडू नयेत म्हणून ना? सरळ सांगितलं असतंस की आपल्याला परवडत नाही, तर मी मागितले नसते. एवढंही कळत नव्हतं का मला? भीती कशाला घातलीस? मी हॉस्पिटलच्या दारात गाडीत बसून मरायची वाट बघत होतो, माय."

पुण्यात आल्यापासून तो त्यांना आई म्हणायचा. रागात जुनं तोंडात आलं.

आई भिंतीला टेकून खाली बसल्या. "बस," म्हणाल्या. "तू पण बस, बाई." मी बसले. त्यांनी जे सांगितलं ते मी शक्य तितकं तसंच सांगते.

पोळ्याच्या तीन दिवस आधी ज्ञानदेव पहाटे डोंगा घेऊन तलावात गेले. जाळी आधीच लावलेली होती, ती काढायची होती. तलाव काठोकाठ भरलेला. डोंगा उलटा सापडला, माणूस सापडला नाही. दोन दिवस गावाने शोधलं. तिसऱ्या दिवशी, जिथून नहराला पाणी सुटतं त्या दाराशी, कमळाच्या देठांत अडकलेले मिळाले. काठावर आणून ठेवलं. दिराने त्यांच्या अंगातला सदरा काढला.

"बाहीतून झिंगे सांडले," आई म्हणाल्या. "जिते. उड्या मारून राहिले होते मातीत. मी पाहून राहिली होती. सगळ्याईनं मले मागं ओढलं, पन मी पाहिलं ते पाहिलं."

आनंदने तोंडावर हात ठेवला होता.

दहन झालं. पोळ्याची कर आली. पोळ्याचा दुसरा दिवस, तिकडे त्या दिवशी घराघरांत मांसमच्छी शिजते. त्यांच्या घरी सुतक, चूल थंड आणि डब्यात मूठभरही तांदूळ नाहीत. सकाळी दिराने ज्ञानदेवांनी लावलेली जाळी ओढून काढली. पाच दिवस पाण्यात राहिलेली. एवढे झिंगे त्या जाळीत कधी आले नव्हते. दीर म्हणाला, पुरून टाक. टोपली अंगणात ठेवून तो निघून गेला.

"मी नाही पुरले," आई म्हणाल्या. "तू उपाशी होता. दोन दिवसापासून भात मागून राहिला होता. मी खड्ड्यात तूस पेटवलं, वर बांबूची ताटी ठेवली, झिंगे टाकले, ओला गोनपाट झाकला. आन् बसली. तर तो आला."

"कोण?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"याचा बाप. भट्टीच्या तिकडून बसला. ओला. दोन्ही हात धुराकडे केले आन् शेकत बसला. आमच्यात म्हनतेत, बुडालेला मानूस थंडीनं कधी सुटत नाही. धूर दिसला की येते. मी लहानपनी ऐकलं होतं. खरं आहे."

मग त्यांनी टोपली डोक्यावर घेतली आणि सुतकात, कुंकू पुसलेल्या कपाळाने, तीन कोस चालत धानोलीच्या बाजारात गेल्या. तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. टोपली खाली ठेवते न ठेवते तोच एका बाईने सगळीच्या सगळी घेतली. घरी पाहुणे आहेत, घरापर्यंत आणून दे, म्हणाली. शाळेच्या बाजूचं घर, पुढे दगडी ओटा. आई तिच्यामागे गेल्या, टोपली तिच्या सुपात रिकामी केली आणि येताना तांदूळ घेऊन आल्या. आनंद जेवला. भात आणि मीठ.

"मी विकलं त्याले," त्या म्हणाल्या. "माह्या नवऱ्याले मी विकलं. लोकाईनं खाल्लं. तू खाऊ नये एवढंच माह्या हातात होतं. म्हनून तुले म्हटलं, तुले सोसत नाही. नाहीतर तू रोज भट्टीजवळ यायचा, रोज मागायचा. काय सांगितलं असतं? पुढचे झिंगे त्याच तलावातले. तेच पिलं, तेच पानी."

सतरा वर्षं त्यांनी भट्टी लावली. सतरा वर्षं ते पलीकडे येऊन बसले. बोलले कधी नाहीत. आधी त्या घाबरायच्या, मग त्यांनी पाट ठेवायला सुरुवात केली. आनंदला नोकरी लागली, भट्टी विझली, त्या पुण्याला आल्या.

"इथं गॅस. धूर नाही. पाच वर्षं झाले, तो कुठं शेकत असन, रोज वाटे. अन् येऊ नये असंही वाटे."

आनंदने विचारलं, "आज आले होते?"

"आला."

"कसे दिसतात?"

"तसाच. अठ्ठावीस वर्षांचा." त्यांनी आनंदच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुह्यापेक्षा लहान दिसते आता."

आनंद उठून गच्चीत गेला. मी मागोमाग गेले. शेगडी विझत आली होती. तो पाटाजवळ उकिडवा बसला आणि त्याने पाटावर हात ठेवला. लाकूड ओलं होतं. सकाळी मी शेवंडीची परात वितळायला तिथेच ठेवली होती, बर्फाचं पाणी फरशीवर ओघळलं होतं आणि त्याच ओल्या जागेवर आईंनी पाट मांडला असणार. मी त्याला ते सांगितलं. "हो, तसंच असेल," तो म्हणाला. पण हात काढला नाही.

त्यानंतर आमच्या घरात आवाज कमी झाले. आनंद ऑफिसातून लवकर यायचा आणि आईंच्या खोलीत नुसता बसायचा. एकदा मध्येच त्याने मला विचारलं, "मी खाल्लेला तो भात कशाचा होता, हे कळल्यावर मी काय करायचं?" मी म्हटलं, "तू सात वर्षांचा होतास." तो म्हणाला, "आणि ती सव्वीस."

जानेवारीत आईंनीच विषय काढला. "मले धानोलीले न्या. त्या बाईले सांगायचं आहे. तिनं काय खाल्लं ते तिले माहीत पाहिजे. मी मरायच्या आधी."

मला ते पटत नव्हतं. आनंद लगेच तयार झाला. नागपूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे जीप करून आम्ही गेलो. वाटेत आईंचं गाव लागलं, तलाव डांबरी रस्त्यावरून दिसत होता, शांत, कडेला बगळे. आईंनी मान खाली घातली. आनंदने घातली नाही. तो दिसेनासा होईपर्यंत पाण्याकडे बघत राहिला.

धानोलीत शाळेला आता दुसरा मजला होता आणि बाजूला मोबाइल रिचार्जचं दुकान. पण दगडी ओट्याचं घर होतं. ओट्यावर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आई समोर जाऊन उभ्या राहिल्या. बावीस वर्षांत त्या या गल्लीत पुन्हा आल्या नव्हत्या. दर आठवड्याला बाजारात यायच्या, पण गल्लीला वळसा घालून जायच्या.

"ओळखलं का?"

म्हातारीने डोळ्यांवर हात धरला. "नाही वो."

"मी झिंगे आनले होते. पोळ्याच्या करीले. टोपलीभर. धुराचे."

म्हातारीच्या हातातली शेंग थांबली. मग तिचा चेहरा उजळला. "अवो माय! ते झिंगे! ये, ये, बस. सुने, पानी आन."

तिचं नाव विमलाबाई. तिने आम्हाला ओट्यावर चटई टाकली आणि बोलतच सुटली. त्या दिवशी तिचा भाऊ गोंदियाहून आला होता, सोबत आठ माणसं. घरात काही नव्हतं, सासू चिडलेली. "तुह्या झिंग्यानं माही इज्जत राखली. माह्या सासऱ्यानं मरेपर्यंत नाव काढलं. म्हने, तसा धूर पुन्हा कोनाच्या हाताले नाही आला. किती दिवस मी बाजारात तुले पाहिलं, तू दिसली तर दुसऱ्या बाजूले निघून जायची."

आईंचे हात मांडीवर घट्ट एकमेकांत होते. "कोनाले काही झालं नाही ना?"

"काय होईन? चांगलं खाल्लं, चांगलं पचलं." विमलाबाई थांबली. तिने पुढे वाकून आईंच्या कपाळाकडे पाहिलं. "एक गोष्ट सांगू? तुह्या कपाळाचं कुंकू त्या दिवशी नवंच पुसलेलं होतं. मी पाहिलं. विचाराले पाहिजे होतं, बाईनं बाईले. पन घरी पाहुने बसले होते. मी टोपली घेतली आन् तुले जाऊ दिलं. ते मले लई वर्षं लागून राहिलं."

मी आईंकडे पाहत होते. आनंदही. हाच क्षण होता, त्यासाठी आम्ही एवढ्या लांब आलो होतो. आईंनी तोंड उघडलं. विमलाबाई वाट बघत होती, तिच्या भुवया पांढऱ्या होत्या आणि डोळ्यांत मोतीबिंदूचा ढग.

"माहा मालक गेला होता," आई म्हणाल्या. "त्याच आठवड्यात."

"अरे देवा. कशानं?"

"ताप आला होता."

आनंदने झटकन मान वर केली. आईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. विमलाबाईने त्यांचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मग आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तुरीच्या दाण्यांची भाजी, भात, तिखट. आई पोटभर जेवल्या. आमच्याकडे त्यांना इतकं जेवताना मी कधी बघितलं नव्हतं.

जीपमध्ये बसल्यावर आनंदने विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"म्हातारी आहे. तिच्या घरच्याईनं ते खाल्लं, आन् पुढं सुखानं मेले. आता तिच्या ओट्यावर काहून नेऊन बसवू त्याले? तो माहा आहे. माह्याजवळच बसन."

पुण्याला आल्यावर दर अमावास्येला दुपारी आनंद गच्चीत शेगडी पेटवू लागला. तिच्यावर काही ठेवलं जात नसे. कोळसे, थोडं लाकूड, धूर निळा होईपर्यंत वाट बघायची. आई अलीकडे बसत, आनंद कधी त्यांच्या शेजारी. श्यामसुंदरकाकांनी एकदा नोटीस लावली, मग आईंना जिन्यात भेटून काय बोलले कोण जाणे, नोटीस काढून टाकली. मी त्या वेळी सहसा आत असायचे. मला पलीकडे कधी काही दिसलं नाही. पण कपडे वाळत घालायला त्या बाजूने जाताना मी वळसा घालून जायचे, आणि मी हे ठरवून करत नव्हते.

सहा वर्षांनी, मार्गशीर्षात, आईंना न्यूमोनिया झाला. शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी आनंदला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "मले पान्यात नको टाकू. नदीत नको, तलावात नको. कोरड्या जागी ठेव."

भाऊबंदांना हे मान्य नव्हतं. आनंदचे काका फोनवर म्हणाले, असं कुठं असतं का, मुक्ती कशी मिळणार. आनंदने ऐकून घेतलं. अस्थी घेऊन आम्ही दोघंच गेलो. गावाबाहेर, तलावापासून लांब, काकांच्या शेताच्या बांधावर मोहाचं झाड आहे. जमीन मुरमाड, उंचावरची, पावसातही पाणी धरत नाही अशी. आनंदने स्वतः कुदळीने खणलं. त्याला सवय नव्हती, हाताला फोड आले. मी माती ओढली.

काम संपल्यावर त्याने आजूबाजूची वाळलेली पानं आणि काटक्या गोळा केल्या, ढीग केला आणि काडी लावली. वारा नव्हता. धूर आधी पांढरा आला. आम्ही बाजूला उभे राहून तो निवळायची वाट बघत राहिलो.

"आई सापडेल ना त्यांना इथे?" त्याने विचारलं.

त्याने ते माझ्याकडे बघून विचारलं नव्हतं. खाली तलावाच्या दिशेने बांधावरून एक पायवाट येत होती. आनंद तिच्यावरून नजर काढत नव्हता. बऱ्याच वेळाने तो एक पाऊल मागे सरकला, जणू कुणाला जायला जागा करून द्यावी तसा, आणि मीही त्याच्याबरोबर मागे सरकले.